घरातील इंटरनेटचा वेग कोण ठरवितो?

एकत्र कुटुंबातील तंट्यांची कारणे आमच्या लहानपणी ठरलेली असत. न्हाणीघरात आधी कोणी जावयाचे, बंबातले ऊन पाणी कोणी संपविले, दुधावरची साय कोणाच्या वाटीत गेली, असल्या गोष्टींवरून घटकाभर कुरबूर व्हावी आणि पानावर बसताच ती विरून जावी, असा तो काळ होता. सांप्रत ह्या यादीत एका नव्या कारणाची भर पडली आहे. ते डोळ्यांस दिसत नाही, हातास लागत नाही, आणि म्हणूनच त्याविषयीचा संशय घरातील कोणत्याही माणसावर घेता येतो. हे कारण म्हणजे इंटरनेटचा वेग. "कोणी तरी नेट ओढतंय" हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले जात नाही, असे घर आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांचे असेल.

ह्या वाक्याच्या भरीस पडून आम्ही स्वतः आमच्या घरात एक अन्याय केला. तो कबूल करावा, आणि तो ज्या अज्ञानातून घडला ते अज्ञान इतरांचे तरी दूर व्हावे, ह्या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहो.

आमचे गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३ च्या ऑगस्टअखेर येथे सुरू झालेल्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे आणि १ सप्टेंबर २०२३ रोजी झालेल्या लाठीमारामुळे हे नाव महाराष्ट्रभर गेले. तत्पूर्वी कोणास गाव सांगावयाचे तर 'वडीगोद्रीजवळ' असे जोडून सांगावे लागे. घरात आम्ही लहानथोर अकरा माणसे. ब्रॉडबँडची जोडणी एकच, आणि तीही पुष्कळ दिवस सेकंदास १० मेगाबिट वेगाची. पुढे चिरंजीवांनी अधिक पैसे भरून १०० मेगाबिटांचा प्लॅन घेतला. आता दहापट सुख होणार म्हणून सर्वांनी वाट पाहिली. परंतु सायंकाळी पूर्वीप्रमाणेच चित्र अडकू लागले, बंधूंचे हिशेबाचे काम अर्ध्यावर थांबू लागले, आणि घरातील मुलांची एकमेकांवर ओरड सुरू झाली. कंपनीस तीन वेळा फोन झाले. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले, "तुमच्या नावावर शंभरचाच प्लॅन दिसतो आहे."

कंपनी शंभर देते आणि घरात शंभर दिसत नाही, तर मधले नव्वद कोणी तरी खात असले पाहिजे, असा आम्ही तर्क केला. आमची थोरली नात बारावीत आहे. प्रवेश परीक्षेच्या तयारीकरिता ती रात्री अकरा-बारापर्यंत चित्रफितींवरील पाठ पाहत असे. संशयाचे बोट तिच्याकडे वळण्यास एवढे पुरेसे झाले. घरातील वडीलकीच्या अधिकाराने आम्ही ठराव केला की रात्री नवानंतर तिने नेट लावू नये. ती "बरं, आजोबा," एवढेच म्हणाली. वीस दिवस तिने तो ठराव अक्षरशः पाळला. वेग मात्र यत्किंचितही वाढला नाही. ह्यावरून आमचे डोळे उघडावयास हवे होते. पण एकदा दोषी ठरविलेल्या माणसास निर्दोष ठरविण्याची घाई कोणासच नसते.

पुढे आमचा पुतण्या दोन दिवसांकरिता पुण्याहून आला. तो तेथे नेटवर्कच्या कामात आहे. सर्वांच्या तक्रारी ऐकून घेऊन त्याने एकच प्रश्न विचारिला, "काका, पहाटे चार वाजता वेग किती असतो?" आम्ही पहाटे उठतो खरे, पण त्या वेळी वेग मोजण्याचे आमच्या मनात कधी आले नव्हते. त्याने दुसऱ्या दिवशी पहाटे चारला, दुपारी बाराला आणि रात्री आठला, अशा तीन वेळा इतर सर्वांचे फोन बंद ठेवून, संगणक तारेने थेट राऊटरला जोडून वेग मोजला. तिन्ही वेळा साडेनऊ आणि दहा यांच्या मधला आकडा आला. पुतण्या म्हणाला, "काका, घरात कोणी नेट ओढत नाहीये. वरूनच दहा बांधून दिलंय."

'वरून बांधून देणे' म्हणजे काय, हे समजण्यास आम्हांस आमच्या तालुक्यातील पाटाचे पाणी उपयोगी पडले. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली. त्या धरणाचा डावा कालवा आमच्या अंबड तालुक्यातून जातो. पाट वाहतो आहे म्हणून कोणीही उठून हवे तितके पाणी घ्यावे, असा प्रकार तेथे नाही. शेतकऱ्याने सात नंबरचा फॉर्म भरावयाचा, त्यात पीक व क्षेत्र लिहावयाचे, मंजुरी मिळावयाची, आणि मग पाळी आली म्हणजे पाटकऱ्याने चारीचे दार त्या मानाने उघडावयाचे. पाटात पाणी किती आहे ही एक गोष्ट, आणि आपल्या नावावर किती मंजूर आहे ही दुसरी. इंटरनेटचेही तंतोतंत असेच आहे. आपल्या दारापर्यंत आलेली काचेची तार, जीस फायबर म्हणतात, ती १० मेगाबिटांच्या ग्राहकाकडे बारीक आणि १०० वाल्याकडे जाड अशी नसते. दोघांची तार सारखीच. भेद असतो तो दूरच्या एका यंत्रातील एका ओळीत. त्या ओळीस ह्या व्यवसायातील लोक 'प्रोफाइल' म्हणतात.

ही ओळ आपल्याला लागू कशी होते ते पाहू. आपण राऊटर चालू केला म्हणजे तो प्रथम आपली ओळख सांगतो. कोठे हे काम ग्राहकाचे नाव व परवलीचा शब्द धाडून होते. कोठे आपली तार कोणत्या खुंटीवर बसविली आहे, एवढ्यावरून ओळख पटते. हा निरोप कंपनीच्या एका मोठ्या द्वारयंत्रापाशी पोहोचतो. त्यास बीएनजी म्हणतात, आणि हजारो घरांची रहदारी त्याच्या हाताखालून जाते. हे द्वारयंत्र स्वतः काही ठरवीत नाही. ते मागे ठेवलेल्या एका नोंदवहीस विचारते की, हा गृहस्थ आपला ग्राहक आहे काय, आणि असल्यास त्यास काय द्यावयाचे? ही नोंदवही म्हणजे 'रेडियस' नावाचा सर्व्हर. त्याची पद्धत १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, टेलिफोनवरून इंटरनेट जोडण्याच्या काळात, अमेरिकेत निघाली. १९९७ साली तिचा मसुदा सर्वांकरिता प्रसिद्ध झाला, आणि आजही जगातील असंख्य कंपन्या तीच वापरतात. वही उत्तर देते, "होय, आपलाच आहे, ह्यास अमुक नावाचे प्रोफाइल लावा." मग द्वारयंत्र त्या नावाचा नियम आपल्या पोटात शोधते आणि तो त्या घराच्या जोडणीस बांधते. हा सर्व संवाद बहुधा डोळ्याचे पाते लवण्याच्या आत संपतो.

येथे आम्हांस आमचे व्याकरण आठवले. पाणिनीय परंपरेत उत्सर्ग आणि अपवाद असे नियमांचे दोन प्रकार मानितात. उत्सर्ग म्हणजे सर्वसामान्य नियम. अपवाद म्हणजे विशेष नियम. आणि जेथे अपवाद लागू होतो तेथे तो उत्सर्गास बाजूस सारतो. द्वारयंत्राची रीत अशीच आहे. त्यात एक सर्वसामान्य प्रोफाइल आधीच घातलेले असू शकते. वहीतून विशेष नाव आले की ते सामान्यास मागे टाकते. परंतु वहीने पाठविलेले नाव यंत्रास सापडलेच नाही, एखादे अक्षर जरी इकडचे तिकडे झाले असले, तरी काही यंत्रे जोडणीच नाकारतात, आणि काही मुकाट्याने सामान्य नियम लावून मोकळी होतात. शंभरचे पैसे भरलेला मनुष्य सामान्याच्या पंक्तीत जाऊन बसतो, आणि हे ना त्यास कळते ना कंपनीच्या कचेरीस.

आता प्रोफाइल वेग आवळते तरी कसे? तारेतून माहिती येते ती लहान लहान पुडक्यांच्या रूपाने. त्यांस पॅकेट म्हणतात. यंत्र प्रत्येक ग्राहकाकरिता एक काल्पनिक बादली ठेविते. तिच्यात ठरलेल्या गतीने परवान्यांचे थेंब पडत असतात. १० मेगाबिटवाल्याच्या बादलीत दहाच्या गतीने, शंभरवाल्याच्या बादलीत शंभरच्या. पॅकेट जावयाचे असेल तर त्याच्या आकाराइतके परवाने बादलीत हवेत. असतील तर पॅकेट पुढे जाते. नसतील तर एक तर त्यास रांगेत थांबवितात, किंवा ते टाकून देतात. टाकलेले पॅकेट पोहोचले नाही असे पाठविणाऱ्या संगणकास उमगते आणि तो आपली चाल मंद करितो. बादली काही काळ स्वस्थ असेल तर ती भरलेली असते. म्हणूनच पुष्कळदा चित्रफीत आरंभी झटकन सुरू होते आणि मग रेंगाळते.

प्रोफाइलमध्ये केवळ वेगच असतो असे नाही. कोणते पॅकेट आधी सोडावयाचे हेही त्यात असू शकते. प्रत्येक पॅकेटच्या कपाळी सहा बिटांची एक खूण लिहिता येते. सहा बिटांच्या ६४ खुणा होतात. त्यांवरून यंत्र संभाषणाचे पॅकेट पुढे काढते आणि मोठ्या फाइलीचे मागे ठेविते. ह्यात पक्षपात नाही. बोलण्यातला अर्धा सेकंदाचा खंडही कानास खुपतो, फाइल अर्धा सेकंद उशिरा आली तर कोणाचे काही अडत नाही. मात्र कोणती संकेतस्थळे जलद आणि कोणती मंद, हे कंपनीने आपल्या लाभाप्रमाणे ठरवावे काय, हा प्रश्न निराळा आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुराप्रमाणे निरनिराळे दर लावण्यास बंदी केली, आणि जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे सर्व मजकुरास समान वागणूक देण्याची, तत्त्वे मान्य केली.

आणखी एक दार वाटेत आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. द्वारयंत्राच्या अलीकडे, आपल्या वस्तीच्या जवळ, ओएलटी नावाचे यंत्र असते. त्यातून निघालेली एक काचेची तार खांबावरील डबीत फुटून ३२ किंवा ६४ घरांस वाटली जाते. प्रचलित जीपॉन पद्धतीत त्या एका तारेवर घराकडे येणारा एकंदर वेग सुमारे २,४८८ मेगाबिट असतो आणि घराकडून जाणारा त्याच्या निम्मा. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली तर वाट्यास सुमारे ३९ मेगाबिट येतील. तरीही कंपनी त्या सर्वांस शंभर विकते. कारण सर्वजण एकाच क्षणी पाणी सोडीत नाहीत, हा अनुभव आहे. मात्र सायंकाळी बहुतेक घरी पाणी एकदमच सुटते, आणि मग वेग घसरतो. घराकडून जाणाऱ्या माहितीस तर ओएलटी प्रत्येक घराची पाळी लावून देते, आणि त्या पाळीचेही एक प्रोफाइल असते. दोन यंत्रांतील दोन ओळी जुळल्या नाहीत, तर जी लहान असेल ती खरी ठरते. पाटाच्या पाण्याशी ह्याचे साम्य येथे मात्र संपते. धरणातले न वापरलेले पाणी उद्याकरिता राहते. तारेतला न वापरलेला क्षण गेला तो गेलाच.

एवढे समजल्यावर आमच्या घरचा उलगडा सोपा होता. प्रोफाइल लागू होते ते जोडणी सुरू होताना. मध्येच ते बदलावयाचे तर वहीने द्वारयंत्रास निराळा निरोप धाडावा लागतो. अमुक गिगाबाइट संपल्यावर वेग उतरविणारे प्लॅन ह्याच निरोपावर चालतात. आमच्या बाबतीत प्लॅन वाढला तेव्हा वहीतली ओळ बदलली, पण यंत्राकडे निरोप पोहोचला नाही. आमचा राऊटर इन्व्हर्टरवर असल्याने वीज गेली तरी तो कधी बंद पडला नव्हता. 'दिवे गेले तरी आमचे नेट जात नाही,' ह्याचा आम्हांस मोठा अभिमान! त्या अभिमानापोटीच जुनी जोडणी अखंड चालत राहिली, आणि जुने प्रोफाइलही. कचेरीतील मनुष्य वही पाहून शंभर म्हणत होता, तो खोटे बोलत नव्हता. यंत्र दहा देत होते, तेही आपल्या समजुतीप्रमाणे खरेच वागत होते. खोटे ठरले ते केवळ आमचे अनुमान. पुतण्याने राऊटर पाच मिनिटे बंद ठेवून पुन्हा लाविला, आणि वेग मोजला तो ९४ मेगाबिट भरला.

ह्यावरून वाचकांनी एक साधी परीक्षा लक्षात ठेवावी. वेग पहाटे, दुपारी व रात्री असा तीन वेळा, इतर उपकरणे बंद करून आणि तारेने जोडून मोजावा. पहाटे उत्तम आणि सायंकाळी मंद असेल, तर वस्तीत किंवा पुढे कंपनीच्या वाटेवर गर्दी आहे. कधी वर, कधी खाली, कधी बंद, असा धरसोडीचा असेल, तर तारेचा, सांध्याचा किंवा राऊटरचा दोष संभवतो. तिन्ही वेळा सारखाच आणि एखाद्या प्लॅनच्या आकड्याशी जुळणारा असेल, तर ते प्रोफाइलचे काम समजावे. तारेने पुरा वेग येतो पण माजघरात येत नाही, तर दोष आपल्या जुन्या जाड भिंतींचा. आणि ह्या सर्व परीक्षांत तारेवर पुरा वेग दिसला, तरच घरातील माणसांकडे पाहावे. मोजताना हेही ध्यानात असावे की कंपनी मेगाबिट सांगते आणि संगणक पुष्कळदा मेगाबाइट दाखवितो. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट.

प्लॅन घेतानाही चार गोष्टी लेखी मागाव्या: येण्याचा वेग, जाण्याचा वेग, माहितीची मर्यादा, आणि मर्यादा संपल्यानंतरचा वेग. ही मर्यादा व तिच्या आधीचा व नंतरचा वेग ग्राहकास स्पष्ट सांगावा, आणि नंतरचा वेग ५१२ किलोबिटांच्या खाली उतरवू नये, असा निर्देश ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिला. पुढे जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँड कशास म्हणावे ह्याची किमान रेषाच सरकारने २ मेगाबिटांवर नेली. तक्रार केल्यास तिचा क्रमांक टिपून ठेवावा. समाधान न झाल्यास कंपनीतील अपील प्राधिकरणाकडे दाद मागण्याची तरतूद २०१२ पासून आहे.

आमच्या गावाने इंटरनेट बंद होणे म्हणजे काय, हेही पाहिले आहे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना जिल्ह्यात इंटरनेट सेवा काही तास बंद ठेवण्यात आली. त्या बंदीच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे करावयाची नाही. एक भेद मात्र सांगण्याजोगा आहे. सरकारास सेवा बंद करावयाची तर लेखी हुकूम काढावा लागतो, आणि तो प्रसिद्ध केला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सांगितले. तो हुकूम वाचता येतो, त्यास आव्हान देता येते. दूरच्या यंत्रात आपल्या नावापुढे लिहिलेली प्रोफाइलची ओळ मात्र आपणांस कोणी वाचून दाखवीत नाही. सेवा बंद पडली म्हणजे सर्वांस कळते, आणि कोणी घरातल्या मुलांस दोष देत नाही. सेवा मंद झाली म्हणजे कारण कळत नाही, आणि माणूस जवळच्या माणसाकडे बोट दाखवितो.

असो. आयुष्यभर आम्ही मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. एखाद्याने नक्कल केली असा संशय आला तरी दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून ताडून पाहिल्याखेरीज शून्य दिले नाही. घरात मात्र एकदाही न मोजता आम्ही निकाल दिला. त्या रात्री जेवणानंतर सर्वांसमक्ष नातीस बोलावून सांगितले की, चूक आमची होती आणि नवाचा ठराव रद्द झाला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, मलाही वाटायला लागलं होतं की माझ्यामुळेच होतंय."

तिचे हे वाक्य आम्हांस दहा मेगाबिटांहून अधिक लागले. वीस रात्रींचा तिचा अभ्यास आम्ही परत देऊ शकत नाही. आता राऊटरशेजारी भिंतीवर एक कागद लाविला आहे. त्यावर तारीख, वेळ व वेग असे तीन रकाने आहेत. घरात कोणी "नेट ओढतंय" म्हणू लागले, की आधी त्या कागदावर तीन नोंदी कराव्या, मग बोलावे, असा नवा ठराव आहे. नोंदी बहुधा नातच करिते. अक्षर सुरेख आहे.